कायद्याने आवश्यक नाही

"शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे चारला आरवतो. कोणते कलम लागेल?" मी वाचून दाखवलं.

आई घेवडा मोडत बसली होती. शेंगेची शीर ओढून काढत म्हणाली, "कोंबड्याला का शेजाऱ्याला?"

"ते लिहिलं नाही."

"मग अर्धवट प्रश्न आहे. दहापैकी तीन. पुढचा वाच."

पुढचा प्रश्न एका बाईचा होता. सासूने तिला न विचारता तिच्या माहेरचं शिवणयंत्र नणंदेला देऊन टाकलं होतं आणि आता ते परत मिळवायचं तर नोटीस कुणाला पाठवायची, सासूला की नणंदेला, असं ती विचारत होती.

"ह्या बाईला सात," आई म्हणाली. "मुद्द्याचं विचारलंय. आणि नोटीस नणंदेला पाठव म्हणावं. सासू आपोआप वाचेल."

कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचं होतं, पण माझ्यापेक्षा बरं होतं. मी हसले आणि तिच्याकडून चहाचा दुसरा कप मागून घेतला.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बार्शीच्या कोर्टात वकिली करते. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि शिक्षक कॉलनीत आईच्या घरात राहत होते. आई, म्हणजे सुभद्रा सुरवसे, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. वडील आम्ही लहान असतानाच गेले. ते घर तिने एकटीने, नोकरी करत, खोलीला खोली जोडत बांधलं. माझं लग्न दीड वर्ष टिकलं. एकोणतिसाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन मी परत आले, तेव्हा आईने काही विचारलं नाही. पुढच्या खोलीतली धान्याची कोठी मागे हलवली, तिथे टेबल मांडलं आणि फाटकावर माझ्या नावाची पाटी लावली. ॲड. शैलजा सुरवसे. ती पाटी तिने स्वतः उभं राहून दोनदा सरळ करून घेतली होती. मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला फार काही वाटतही नव्हतं. माझं घर होतं, माझी पाटी होती, सकाळी चहाला समोर आई होती.

धाकटा भाऊ महेंद्र नाशिकला. बायको अर्चना, दोन मुलं. दिवाळीला आणि मे महिन्यात यायचे, आठ दिवस घर डोक्यावर घ्यायचे आणि जायचे.

त्या वर्षी मी ‘हक्काचं उत्तर’ नावाच्या वेबसाइटवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागले होते. लोकांनी नाव न सांगता विचारायचं, वकिलाने आपलं नाव घालून सांगायचं. लोकांना फुकट सल्ला, वकिलाला फुकट नाव. प्रश्न जिल्हा आणि विषय पाहून त्या त्या वकिलाकडे जायचे. आमच्या जिल्ह्यातून घर-जागेचे प्रश्न घेणारी मी एकटीच होते, आणि हे मी आईला दहा वेळा तरी ऐकवलं असेल. फुशारकी मारायला घरात दुसरं होतं कोण?

मग आमचा रिवाजच पडला. कोर्टाला जायच्या आधी, साडेनऊला, मी टेबलाशी बसून तीन-चार प्रश्न मोठ्याने वाचायचे. आई भाजी निवडत ऐकायची, गुण द्यायची आणि माझ्या आधी निकाल सांगून मोकळी व्हायची. लोक काय काय विचारायचे. साखरपुडा मोडल्यावर जेवणावळीचा आंबरस परत मागता येतो का. भाडेकरू तुळशीला पाणी घालत नाही, त्याला काढता येईल का. आई कधी हसून डोळे पुसायची, कधी एखाद्या बाईचं ऐकून शेंग हातात तशीच धरून बसायची. तिला वाचायला आवडतं म्हणून मी माझा जुना टॅब तिला दिला, मराठीत टाइप कसं करायचं ते शिकवलं, वेबसाइट कशी उघडायची तेही दाखवलं. दोन दिवसांत शिकली. तिच्या वयाच्या बायका रिमोटला घाबरतात, असं मी कोर्टात सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले.

सप्टेंबरातली सकाळ होती. मी चहाचा कप ठेवला आणि पुढचा प्रश्न उघडला.

"हा बघ आई, ह्याला तू दहापैकी दहा देशील," मी म्हटलं आणि वाचायला लागले. "महोदय, आईचे वय सत्तरीच्या पुढे असून राहते घर तिच्या स्वकमाईचे आहे. सदर घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करावयाचे आहे. प्रकृतीमुळे आईस कार्यालयाचा जिना चढवत नाही. पुढे कोणी हरकत घेऊ नये, यासाठी काय काळजी घ्यावी? घरात दुसरे अपत्यही राहते. त्यास आगाऊ कल्पना देणे कायद्याने आवश्यक आहे काय? कळावे."

आता कुणी म्हणेल, एवढं वाचूनही तुला काही कळलं नाही? नाही कळलं. जिना न चढणारी, स्वतःचं घर असलेली, एक मुलगा आणि दुसरं अपत्य असलेली आई आमच्या जिल्ह्यात गल्लीला चार सापडतील. माझी आई त्यातली असेल, असं माझ्या मनाला शिवलंही नाही. आपल्या घरातलं माणूस आपल्याला माहीत असतं, ह्याच भरवशावर आपण जगतो.

"स्वच्छ प्रश्न आहे," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही. "तू काय सांगणार?"

"सांगते ना."

मी टाइप करत गेले आणि करता करता मोठ्याने वाचत गेले, तशी सवयच होती. घर स्वकमाईचं असल्याने आईला ते हवं त्याला देता येतं. दस्त नोंदवावाच लागतो. जिना चढवत नसेल तर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्यावा. साक्षीदार दोन, शक्यतो नात्याबाहेरचे. आईचा हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क दस्तात स्पष्ट लिहून ठेवावा, म्हणजे उद्या मुलाची मती फिरली तरी म्हातारीच्या डोक्यावरचं छप्पर जाणार नाही. आणि नीट विचार करून करावं, कारण एकदा नोंदवलेलं बक्षीसपत्र सहसा मोडता येत नाही.

"ते छप्पराचं चांगलं सांगितलंस," आई म्हणाली.

"अजून एक गंमत सांगते ह्यांना. ढगे वकिलांची."

ढगे वकील माझे सीनियर. मला त्यांनी हाताला धरून वकिली शिकवली. म्हाताऱ्या माणसाचा कुठलाही दस्त असला की त्यांची एक रीत होती. दस्ताच्या शेवटी, सहीच्या वर, त्या माणसाकडून स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून घ्यायच्या. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, घरात कोण आहे, कोण बाहेर गेलंय. कायद्यात असं काही लागत नाही. पण ढगे म्हणायचे, दहा वर्षांनी एखादा वकील उभा राहून म्हातारी भ्रमिष्ट होती म्हणायला लागला, की न्यायाधीश दाखला बाजूला ठेवतो आणि त्या दोन ओळी वाचतो. ज्याला सकाळची भाजी आठवते त्याला घर कुणाला द्यायचं हेही कळतं. आमच्या तालुक्यात ही रीत ढगे गेल्यानंतर मी एकटीच पाळत होते. मी ती सविस्तर लिहिली.

आईच्या हातातल्या शेंगा संपल्या होत्या. तरी ती तिथेच बसली होती.

"आणि त्या दुसऱ्या पोराचं काय?" तिने विचारलं.

"कुठल्या?"

"घरात राहतंय म्हणालीस ना. त्याला सांगावं लागतं का?"

"छे. घर आईचं आहे. वाटेल त्याला देईल." मला उशीर होत होता, मी भराभर बोटं चालवत होते. "कायद्याने आवश्यक नाही. संपलं."

"त्याला वाईट वाटेल."

"वाटेल की. असं एक भोळं प्रत्येक घरात असतंच. म्हातारीचं औषधपाणी करत बसतं आणि घर जातं दुसऱ्याला. पण ह्यांनी मला वाईट वाटेल का असं विचारलेलं नाही, आवश्यक आहे का असं विचारलंय."

आईने घेवड्याचं ताट उचललं आणि आत गेली. मी बटण दाबलं. उत्तर गेलं. दुपारी कोर्टात पाहिलं तर उत्तराखाली ‘उपयुक्त’ असा शेरा पडला होता. बरं वाटलं.

महिनाभराने मला सोलापूरला जिल्हा न्यायालयात ओळीने तीन दिवस साक्षी होत्या. एरवी मी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. आई म्हणाली, "रोज एसटीत हाडं खिळखिळी करून घेऊ नको. सुलूकडं राहा." सुलू माझी कॉलेजातली मैत्रीण.

"तुझं कसं होईल?"

"मला काय झालंय? महेंद्र येतोय म्हणत होता एक-दोन दिवस. तो असेल."

मला ऐकून आनंदच झाला. मी नसताना कुणीतरी तिच्याजवळ असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. निघताना आईने शेंगाच्या चटणीची पुडी माझ्या बॅगेत घातली आणि गुडघा धरत धरत फाटकापर्यंत आली. एवढ्या लांब ती कधी यायची नाही. रिक्षा वळेपर्यंत उभी होती. मी हात केला.

परत आले तेव्हा महेंद्र येऊन गेला होता. आईने माझ्या आवडीची शेंगोळी केली होती. मी दोनदा वाढून घेतली.

दिवाळी झाली. महेंद्र आला नाही, मुलांची परीक्षा आहे म्हणाला. डिसेंबरात एका अशिलाचा भाडेकरार नोंदवायला मी दुय्यम निबंधक कार्यालयात गेले. जिन्यावरच शिंगाडे भेटले. तिथले जुने कारकून, ढगे वकिलांच्या काळापासूनचे.

"वकीलबाई, बाईंची तब्येत बरी हाय का?" त्यांनी विचारलं. आईने त्यांच्या दोन्ही मुलांना शिकवलं होतं.

"बरी आहे. गुडघे तेवढे."

"व्हय, त्या दिवशी घरी आलो तवा बघितलं की. उठताना लई त्रास होतोय त्यांना." मग ते कौतुकाने हसले. "पर दस्त काय लिहिलाय तुम्ही. साहेब वाचून म्हणले, वकिलाच्या घरचा दस्त असा असतोय, बोट ठेवायला जागा नाही. आन् ती शेवटची ओळ, ढगे साहेबांची. मी म्हणलं साहेबाला, ही आमच्या शैलाताईंचीच रीत, दुसरं कुणी नाही करत."

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काहीतरी दिलं असणार, कारण शिंगाडे हसत हसत वर गेले. अशील मागे उभा होता. मी त्याला म्हटलं, तू बस, मी आले. मग सरळ खिडकीशी जाऊन नकलेचा अर्ज भरला. पंधरा वर्षांत असे हजार अर्ज मी लोकांसाठी भरले होते. मिळकतीचा पत्ता लिहायच्या रकान्यात मी माझ्याच घराचा पत्ता लिहीत होते आणि तरी मला वाटत होतं की दुसरी कुणीतरी सुरवसे बाई असेल.

नक्कल दुपारी हातात आली. मी ती बार रूममध्ये न नेता कोर्टामागच्या लिंबाखालच्या बाकावर बसून वाचली. घर महेंद्रच्या नावे. दोन साक्षीदार, एक कॉलनीतले निवृत्त हेडमास्तर आणि एक दूधवाला, नात्याबाहेरचे. डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला. आईचा हयातभर राहण्याचा हक्क. एकेक कलम मी ओळखत होते, ती माझीच वाक्यं होती. माझं नाव त्या दस्तात कुठेच नव्हतं. कसं असणार? दुसऱ्या अपत्याच्या राहण्याबद्दल त्या उत्तरात मीच एक अक्षर लिहिलं नव्हतं.

शेवटच्या पानावर, सहीच्या वर, शाळेच्या फळ्यावर असायचं तसं आईचं अक्षर.

"आज बुधवार. सकाळी भाकरी आणि घेवड्याची भाजी खाल्ली. मुलगा महेंद्र घरी आहे. मुलगी शैलजा सोलापूरला गेली आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे."

मी त्या बाकावर किती वेळ बसले होते कोण जाणे. अशील शोधत आला, तेव्हा त्याला उद्या या म्हणून सांगितलं. मला सारखी ती एकच ओळ दिसत होती. मुलगी शैलजा सोलापूरला गेली आहे. मला पाठवून, पुडी बांधून देऊन, फाटकात उभं राहून, तिने दोन दिवसांनी हे लिहिलं होतं. माझ्या आईने मला फसवलं होतं, आणि तेही माझ्याच हाताने.

घरी गेले तेव्हा चार वाजले होते. आई ओट्यावर उन्हात बसली होती, मांडीवर टॅब.

"आज लवकर?" ती म्हणाली.

मी नक्कल तिच्या मांडीवर ठेवली. तिने चष्मा नीट केला, वरचं पान पाहिलं आणि कागद घडी करून बाजूला ठेवले. चेहऱ्यावर काही हललं नाही. शाळेत कॉपी पकडली की ती अशीच बसायची, समोरचा बोलेपर्यंत गप्प.

"महेंद्रने विचारलं ना ते वेबसाइटवर?" मी म्हणाले. "माझ्याच तोंडून सगळं काढून घेतलं. मला वाटलं नव्हतं तो असा असेल."

"त्याचं नाव घेऊ नको," आई म्हणाली. "त्याला कुठलं एवढं नीट लिहायला येतंय? मी लिहिलं."

मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"तू समोर बसली होतीस," मी म्हटलं. "मी वाचत होते, आणि तू घेवडा मोडत होतीस."

"हो."

"उत्तराखाली ‘उपयुक्त’ असा शेराही तूच दिलास."

"उत्तर चांगलं होतं, शैला."

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं की." आई पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "तुलाच विचारलं. दुसऱ्या वकिलाकडं गेले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आणि तुझ्याइतकं बिनचूक कोण सांगणार होतं मला? मी तुला परत विचारलं, दुसऱ्या पोराचं काय म्हणून. शेंगा संपल्या तरी बसून राहिले. तू म्हणालीस, आवश्यक नाही."

"मी दुसऱ्यांच्या पोराबद्दल बोलत होते."

"मला तेच ऐकायचं होतं. माझ्या पोराबद्दल बोलली असतीस तर मला सही करता आली नसती."

आतून कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघीही उठलो नाही.

"का पण?" मी विचारलं. "एवढं तरी सांग."

"त्याला दोन पोरं आहेत. तुझ्यामागं कोण आहे? तुझ्यानंतर हे घर कुणाच्या हातात गेलं असतं? मी एकेक वीट बघून बांधलंय." तिचा आवाज थोडा बसला. "तुला काय कोण बाहेर काढतंय का? राहा की आयुष्यभर. महेंद्र तसा नाही."

माझ्यामागं कोण आहे. पंधरा वर्षांत आई मला मुलाबाळांवरून एक शब्दही बोललेली नव्हती. शेजारच्या बायका बोलायच्या तेव्हा ती त्यांना फाटकातूनच वाटेला लावायची. मला वाटायचं, तिच्या मनात ते नाहीच. ते होतं. तिने ते जपून ठेवलं होतं आणि सरकारी कागदावर उतरवलं होतं.

"मी नाही म्हणेन असं वाटलं तुला?" मी म्हटलं.

ती पदराने टॅबची काच पुसायला लागली.

"आई, तू त्या टेबलाशी बसून एकदा म्हणाली असतीस, शैला, घर मला महेंद्रला द्यायचंय, तर मी स्वतः दस्त लिहिला असता. रडले असते आणि लिहिला असता. साक्षीदारसुद्धा मीच आणले असते. घराचं मला काही नाही. तू मला विचारलं नाहीस."

"मग मोडून टाकू," आई म्हणाली. एकदम घाबरल्यासारखी. "महेंद्रला सांगते. मोडून टाकू या."

"मोडता येत नाही. तेही मीच सांगितलंय तुला."

रात्री महेंद्रचा फोन आला. तो रडकुंडीला आला होता. "ताई, शप्पथ, मला वाटलं तुला माहितीये. आई म्हणाली, शैलानेच सगळं सांगितलंय कसं करायचं ते. मी कागद बघितले तर तुझीच भाषा. मला कसं कळणार?" त्याचं खरं होतं. आई त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. ती माझ्याशीही खोटं बोलली नव्हती. तेवढी ती हुशार होती.

संक्रांतीच्या आधी मी कोर्टाजवळ दवाखान्याच्या वर दोन खोल्या घेतल्या. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, सांग, आवश्यक नाही म्हणून. असं बोलायला नको होतं, पण बोलले, आणि बोलून मला बरंही वाटलं. फाटकावरची पाटी मी पाना घेऊन स्वतः काढली. आई ओट्यावरून बघत होती. पाटीच्या जागी दोन भोकं राहिली.

मार्चमध्ये वेबसाइटवर एक प्रश्न आला. विषयात ‘घर-जागा’ टाकलेलं होतं, म्हणजे तो माझ्याकडेच येणार होता. मी दवाखान्याच्या वरच्या खोलीत, एकटी चहा पीत होते. सवयीने मोठ्याने वाचायला लागले आणि पहिल्या ओळीलाच गप्प झाले.

"महोदय, मुलगी घर सोडून वेगळी राहते. दोष आईचा आहे. मुलीस परत बोलावण्यासाठी आईस कायद्याने काय करता येईल? कळावे."

तीन दिवसांत उत्तर दिलं नाही तर प्रश्न दुसऱ्या वकिलाकडे जायचा. दोन दिवस मी तो तसाच ठेवला. किती तरी लिहिलं आणि पुसलं. आधी तीन पानं लिहिली, त्यात शेंगाची चटणी होती, फाटक होतं, बुधवार होता. तिसऱ्या दिवशी ते सगळं काढून टाकलं आणि दोन वाक्यं पाठवली.

"कायद्यात अशी तरतूद नाही. मुलीस विचारावे."

तासाभरात उत्तराखाली खूण दिसली. प्रश्नकर्त्याने वाचलं होतं. ‘उपयुक्त’ असा शेरा या वेळी नव्हता.

मी वाट पाहिली. फोन जवळ ठेवून झोपले, आंघोळीला जाताना दाराशी ठेवला. खरंच सांगते, ती नुसती म्हणाली असती, शैला, येतेस का, तर मी त्या दोन बॅगा पुन्हा उचलल्या असत्या. दुसऱ्याच्या घरात राहायला गेले असते. एवढंच विचारायचं होतं.

आई त्यानंतर चार वर्षं होती. दर रविवारी मी तिची औषधं घेऊन जायचे, गोळ्यांचे डबे भरायचे, गुडघ्याला तेल लावायचे. ती मला बरंच काही विचारायची. जेवलीस का, खटला कुठवर आला, वरच्या खोलीत ऊन लागत नाही ना. मी उत्तरं द्यायचे. मग मी चप्पल घालायचे आणि ती फाटकाच्या दिशेने बघायची. दोन-तीनदा तिने तोंड उघडलं, असं मला वाटलं. मी पट्टा लावायला मुद्दाम वेळ लावायचे. ती म्हणायची, सावकाश जा.

शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात तिच्याजवळच होते. शेवटपर्यंत शुद्धीत होती. वार सांगायची, सकाळी काय खाल्लं ते सांगायची. ते एक तेवढं तिने विचारलं नाही.

मी अजूनही त्या वेबसाइटवर उत्तरं देते. बक्षीसपत्राचे प्रश्न महिन्याला पाच-सहा तरी येतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या शेवटी तेच असतं, घरातल्या दुसऱ्याला सांगावं लागतं का. मी कायदा सांगते, दाखला, साक्षीदार, सगळं सांगते. ढगे वकिलांच्या दोन ओळी मात्र आता सांगत नाही. त्याऐवजी शेवटी एक प्रश्न लिहिते. "त्या दुसऱ्या अपत्याचं नाव काय?"

नऊ वर्षांत त्याचं उत्तर कुणी पाठवलेलं नाही.